पहिली रांग रिकामी

नगरसेवक आले तेव्हा आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर सत्यनारायणाची कथा निम्म्यावर आली होती. मागच्या रांगांत माणसं दाटीवाटीने बसली होती, काही खांबांना टेकून उभी होती. पहिली रांग मात्र पूर्ण रिकामी होती. नगरसेवक त्या रांगेच्या मध्यावर बसले आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना त्यांचे कार्यकर्ते बसले.

घरमालक खांबाजवळच्या आपल्या प्लास्टिकच्या खुर्चीवरून उठले आणि त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"उठा. मागे बसा."

"काय?"

"ही रांग बसायची न्हाय."

"कोणाला ठेवलीय? आमदारसाहेब येणार हायत काय?"

"न्हाय."

"मग?"

"जे बोलावल्याबिगर येतात, त्यांची हाय."

नगरसेवकांना आमंत्रण नव्हतं. त्यांनी ते स्वतःवर घेतलं आणि प्रसाद न घेता ते निघून गेले. पुढचे बरेच दिवस इमारतीसमोरचं गटार साफ झालं नाही. दोन्हींचा संबंध होता, असं सिद्ध करता येणार नाही.

त्या संध्याकाळी मी घरमालकांना विचारलं, "ती रांग खरं कोणाची असते?"

"मेलेल्यांची."

"कोणत्या मेलेल्यांची? तुमच्या घरातल्या?"

"ते मना काय माहीत?" ते म्हणाले. "तिथं असंच करतात."

तिथं म्हणजे सिंगापूर.

मी तेव्हा एका दैनिकाचा वार्ताहर म्हणून भिवंडीत होतो. दोन हजारच्या दशकाची पहिली वर्षं होती. त्यांच्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर माझी भाड्याची खोली होती. त्यांच्याबद्दल इथे लिहितो आहे त्यातलं बरंचसं मी पाहिलेलं आहे. सिंगापूरचा भाग त्यांच्या तोंडून ऐकलेला आहे, आणि तो ते कधीच सलग सांगत नसत.

माणूस दापोड्याकडचा, खाडीकाठच्या शेतकरी घरातला. तरुणपणी वेल्डिंग शिकून सिंगापूरच्या एका जहाजबांधणीच्या गोदीत गेला. बरीच वर्षं तिथं काढून परत आला तेव्हा गावात भातखाचरांच्या जागी गोदामं उभी राहत होती. वाट्याच्या जमिनीचा एक तुकडा विकून त्यांनी शहराच्या कडेला तीन मजली इमारत बांधली. भिवंडीत इमारत बांधणारा माणूस तळमजल्यावर लूम, म्हणजे यंत्रमाग, लावतो, नाहीतर गाळे काढून भाड्याने देतो. वरचे मजले लोकांसाठी असतात, कमाई खालच्या मजल्यावर असते. यांनी तळमजला मोकळा ठेवला. नुसते खांब, फरशी आणि कोपऱ्यात वर जाणारा जिना. त्या जागेला ते 'डेक' म्हणत. सिंगापुरात सरकारी घरांच्या इमारतींखाली अशी मोकळी जागा असते आणि तिथले लोक तिला असंच काहीतरी म्हणतात, एवढं त्यांनी सांगितलं होतं. इमारतीतले सगळेच मग डेक म्हणू लागले.

डेकचा नियम एवढाच होता: इमारतीत राहणाऱ्या कोणीही, कोणत्याही कार्याला जागा घ्यावी. लग्न, बारसं, मयत, पूजा, मिलाद, काहीही. कोणाकडून काही घेतलं जात नसे. ज्याला जागा हवी त्याने घरमालकांच्या शेजारच्या खुर्चीच्या पाठीला आपला रुमाल बांधायचा. कार्य होईपर्यंत तो रुमाल तिथं राहायचा. ही पद्धतही तिथलीच, असं ते सांगत. एसटीत आपणही खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो, हे मी त्यांच्या लक्षात आणून दिलं. त्यावर ते म्हणाले, "मग त्यांनी आपल्याकडून घेतलं असंल."

इमारतीत सगळ्या प्रकारचे लोक होते. दुसऱ्या मजल्यावर एका लूम कारखान्याचे मेहताजी राहत. कारखान्याचा हिशेब आणि कामगार सांभाळणाऱ्याला भिवंडीत मेहताजी म्हणतात. हे उत्तर प्रदेशातले, पाच वेळा नमाज पढणारे, शांत बोलणारे गृहस्थ होते. तिसऱ्या मजल्यावर तेलंगणातून आलेलं एक विणकर कुटुंब होतं. त्यातल्या कर्त्या माणसाला सगळे अण्णा म्हणत. घरमालक स्वतः पहिल्या मजल्यावर, माझ्या समोरच्या दारात. बायको, मुलगा, सून असं घर होतं.

मुलाला डेक मान्य नव्हता. तो गोदामांच्या धंद्यात होता आणि त्या जागेकडे पाहिलं की त्याला शटर दिसत असत. बापलेकाचं भांडण मला भिंतीतून ऐकू येई. भिंत पातळ होती आणि दोघंही हळू बोलणाऱ्यांतले नव्हते.

"आख्ख्या भिवंडीत एक बिल्डिंग दाखवा जिचा तळमजला कुत्र्यांना झोपायला ठेवलाय!"

"कुत्री पण झोपतात. झोपू दे की."

"लोक हसतात मना."

"माणूस मेला की त्याला ठेवशील कुठं? रस्त्यावर?"

"सगळे ठेवतात ना रस्त्यावर!"

हे खरं होतं. तळमजल्यावर लूम असले की मयत जिन्याने खाली आणून रस्त्याच्या कडेला ठेवतात. एका बाजूला बायका बसतात, दुसऱ्या बाजूने कापडाचे ताके भरलेला टेम्पो हॉर्न वाजवत जातो. वार्ताहर म्हणून मी हे अनेकदा पाहिलं होतं आणि त्यात कधी बातमी दिसली नव्हती.

"मी हाय तवर शटर न्हाय," घरमालक म्हणत. वाद तिथं थांबत असे. संपत नसे.

सिंगापूरबद्दल विचारलं तर ते उंच इमारती, स्वच्छ रस्ते यांबद्दल काही बोलत नसत. ते एका म्हातारीबद्दल बोलत. ती चिनी होती. गोदीतल्या कामगारांच्या बराकीतून बाहेर पडल्यावर त्यांनी तिच्या घरात एक खोली भाड्याने घेतली होती. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. तिच्या स्वयंपाकघरात डुकराचं मांस शिजायचं. यांच्या चेहऱ्याकडे पाहून तिनं एक दिवस नवी कढई आणली, ती खिळ्याला वेगळी टांगली आणि यांच्याकडे बोट केलं. यांनी खोलीत गणपतीची तसबीर लावली होती. म्हातारी स्वतःच्या देवांना उदबत्त्या लावताना एक उदबत्ती यांच्या दाराच्या फटीत खोचून जायची.

"तिला काय वाटायचं तुमच्या गणपतीबद्दल?" मी विचारलं.

"मना काय माहीत? मी बोललो न्हाय, ती बोलली न्हाय. उदबत्ती लावायची."

म्हातारी वारली. तिची मुलं दुसऱ्या देशात होती, ती यायला वेळ लागणार होता. शवपेटी इमारतीखालच्या मोकळ्या जागेत ठेवली गेली. तिथं त्याआधीच्या आठवड्यात एका मलायी मुसलमान मुलीचं लग्न झालं होतं. मांडवाच्या दोऱ्यांचे तुकडे अजून खांबांना होते. पेटीजवळ कोणी घरचं माणूस बसावं लागतं. शेजाऱ्यांनी आपसांत काहीतरी ठरवलं आणि यांना आणून बसवलं. एका बाईने यांच्या शर्टाच्या बाहीवर कापडाचा लहानसा चौकोनी तुकडा टाचला. घरचे लोक तो लावतात, हे यांना नंतर कळलं. मुलं येईपर्यंत हे पेटीशी बसून राहिले. येणारे लोक यांना वाकून भेटत. हेही वाकत.

इथपर्यंत आलं की ते एक प्रश्न विचारत. तो प्रश्न त्यांनी मला पहिल्या महिन्यातच विचारला आणि नंतरही अनेकदा विचारला.

"पेपरवाले, मना सांगा. कापड लावलं म्हंजे मी तिच्या घरचा झालो का?"

मग ते बोटांवर मोजू लागत.

"झालो असंल तर सूतक लागलं. सूतक लागलं तर दहावा करायला पायजे होता. मी काय केलं न्हाय. तिसऱ्या दिवशी ड्युटीवर गेलो."

त्यांनी हे एका भटजींनाही विचारलं होतं. भटजी म्हणाले, सूतक सगोत्रांना. मग त्यांनी बाईचं गोत्र विचारलं. चिनी होती म्हटल्यावर त्यांनी पंचांग मिटलं आणि ते म्हणाले, आंघोळ करा. मेहताजींना विचारलं तर ते म्हणाले, "बेसहारा की मय्यत में बैठे आप। सवाब का काम किया, सेठ।" घरमालकांचं दोन्हींनी समाधान झालं नाही.

"एक बोलतो आंघोळ कर. दुसरा बोलतो चांगलं केलंस. मी ते इचारलं काय? घरचा होतो का न्हाय, येवढंच इचारतोय."

आमच्या पेपरात कोणा जाणत्या माणसाला हे विचारून छापता येईल का, अशी त्यांची मागणी होती. आमच्या पेपरात तसं सदर नव्हतं.

डेकवर जे झालं ते एका शुक्रवारी झालं.

भिवंडीत शुक्रवारी लूम बंद असतात. एरवी आजूबाजूच्या कारखान्यांची खडखड इतकी असते की शेजारच्याशी बोलायलाही आवाज चढवावा लागतो. शुक्रवारी ती थांबते आणि घराघरांतली भांडी ऐकू येतात. मेहताजींच्या मोठ्या मुलीचा निकाह त्या दिवशी दुपारी होता. त्यांचा पांढरा रुमाल पंधरवड्यापासून खुर्चीला होता. डेकवर मांडव लागला होता, मागच्या बाजूला बिर्याणीचे देग चढले होते.

सकाळीच तिसऱ्या मजल्यावर अण्णांचे वडील वारले.

मेहताजी आणि अण्णा दोघंही एकाच वेळी घरमालकांच्या दारात उभे राहिले. मी समोरच्या दारात होतो. दोघांनाही एकमेकांकडे पाहवत नव्हतं.

"सेठ, रस्त्यावरच ठेवतो," अण्णा म्हणाले. "त्यांच्या पोरीचं लगीन हाय. मला समजतं."

"नहीं अण्णा, ऐसे कैसे," मेहताजी म्हणाले. "मगर बारात निकल चुकी है, सेठ। मैं क्या करूँ, आप ही बताओ।"

"डेक मोठा हाय," घरमालक म्हणाले. "अर्धा तुमचा, अर्धा ह्याचा."

दोघांचाही आधी विश्वास बसला नाही. मुलगा आतून ओरडला, "बाबा, येड लागलंय का?" घरमालक तोवर खाली गेले होते. त्यांनी कोऱ्या कापडाचा एक ताका आणवला आणि खांबांच्या मधल्या ओळीवर स्वतः शिडी लावून पडदा बांधला. एका बाजूला निकाह, दुसऱ्या बाजूला मयत. दोन्ही बाजूंना खुर्च्या मांडून घेतल्या आणि दोन्ही बाजूंची पहिली रांग रिकामी ठेवली. अण्णांच्या लोकांनी अंत्ययात्रेची वाजंत्री आणायची नाही आणि मेहताजींच्या लोकांनी गाण्याची कॅसेट लावायची नाही, एवढा करार झाला.

पडद्याने दिसणं थांबलं. ऐकू येणं थांबणार नव्हतं, कारण शुक्रवार होता. देगांचा वास एका बाजूने जात होता, उदबत्त्यांचा दुसऱ्या बाजूने. काझींनी मुलीची संमती विचारायला साक्षीदारांना आत पाठवलं, ते परत आले, आणि नवऱ्या मुलाला विचारण्याची वेळ आली. त्या वेळी पडद्यापलीकडचं रडणं थांबलं. नवऱ्या मुलाने तीनदा कबूल केलं. ते दोन्ही बाजूंना स्पष्ट ऐकू आलं. मग रडणं पुन्हा सुरू झालं. ते ठरवून थांबलं होतं की दम घेण्यासाठी, हे मला सांगता येणार नाही. मी अण्णांच्या बाजूला उभा होतो आणि बायकांचे चेहरे पदराआड होते.

इथपर्यंत कोणाची तक्रार नव्हती. निकाहानंतर वऱ्हाडातले काही जण आपणहून पडद्याच्या टोकाला आले. शेजारी मयत आहे, भेटून जावं, अशी त्यांची भावना होती. ते अण्णांना भेटले, मान खाली घालून उभे राहिले आणि परत निघाले. पडद्याच्या टोकाशी घरमालक उभे होते. त्यांच्या हातात लाल सुताचे तोडलेले तुकडे होते. येणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर ते एक तुकडा ठेवत होते.

नवऱ्या मुलाच्या मामांनी तो उलटसुलट करून पाहिला.

"ये क्या है?"

"धागा हाय. घ्या."

"कलावा बाँध रहे हो हमको? शादी में बुला के?"

"बांधायचा न्हाय. नुसता घ्यायचा."

"किस लिए?"

"तिथं देतात," घरमालक म्हणाले. "मयतीला आलेल्याला देतात."

"कहाँ देते हैं? हमारे यहाँ तो नहीं देते!"

गलका ऐकून अण्णांचे चुलते आले. त्यांनी लाल धागा पाहिला आणि त्यांचा आवाज मामांच्या वर गेला. मयताच्या दारात लाल रंग? लाल धागा देवाचा, शुभाचा. म्हातारा दारात आहे आणि तुम्ही काय वाटताय? काही क्षण असे गेले की पडद्याच्या दोन्ही बाजूंचे लोक एकाच माणसावर ओरडत होते आणि दोघांची कारणं एकमेकांच्या उलट होती. एकाच्या मते तो धागा हिंदूंचा होता म्हणून नको होता. दुसऱ्याच्या मते तो हिंदूंचाच होता, म्हणूनच इथे नको होता.

घरमालक गोंधळून दोघांकडे पाहत राहिले. मी पुढे होऊन म्हणालो, "काका, धागा कशासाठी असतो ते सांगा ना त्यांना."

"घेऊन जायचा," ते म्हणाले. "घरात जायच्या आधी टाकून द्यायचा."

"पण का?"

"ते कोणी सांगितलं न्हाय मना."

मुलगा पुढे आला, त्याने बापाच्या हातातले धागे काढून घेतले आणि खिशात कोंबले. मामांची माफी मागितली, चुलत्यांची मागितली. मयत लवकर हलवली गेली. वऱ्हाड जेवलं, पण घाईत. मेहताजींनी मुलीची पाठवणी केली आणि वर जाताना घरमालकांच्या खुर्चीपाशी थांबले.

"सेठ, आप की नीयत पे शक नहीं है," ते म्हणाले. "मगर लड़की के ससुराल में ये बात याद रहेगी।"

पडदा सोडवायला घरमालकांनी कोणाला हात लावू दिला नाही.

त्यानंतर बरेच महिने खुर्चीला रुमाल बांधला गेला नाही. एक बारसं झालं ते हॉल घेऊन. एक मयत झाली ती रस्त्यावर ठेवली गेली. मयताच्या घरचे लोक घरमालकांच्या समोरून खाली उतरले आणि त्यांनी डेककडे पाहिलं नाही. घरमालक खुर्चीत बसून होते. टेम्पोचा हॉर्न वाजला तेव्हा ते उठून उभे राहिले आणि पुन्हा बसले.

मुलाला आता भांडावं लागत नव्हतं. "कोणाला पायजे हाय तुमचा डेक?" एवढंच तो विचारे. पुढच्या पावसाळ्यानंतर घरमालकांना श्वासाचा त्रास सुरू झाला. ते खाली येईनासे झाले. त्याच सुमारास एक वेल्डर आला आणि खांबांना शटरच्या लोखंडी पट्ट्या बसवून गेला. वेल्डिंगचा आवाज वर ऐकू गेला असणार. बरीच वर्षं तेच काम केलेल्या माणसाला तो ओळखायला अडचण नव्हती. मी भेटायला गेलो तेव्हा ते म्हणाले, "सांधा कच्चा मारलाय त्यानं. आवाजावरून कळतं." मग नेहमीचा प्रश्न विचारला. त्या वेळी मी म्हणालो, हो, तुम्ही घरचे झाला होतात. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तुमाला काय माहीत?" ते म्हणाले.

ते दवाखान्यात वारले, सकाळच्या वेळी. गावाकडचे नातेवाईक म्हणत होते की मयत थेट गावच्या घरी न्यावी, तिथं अंगण आहे. ॲम्ब्युलन्स इमारतीपाशी थांबली ती काकींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, सोबत घेण्यासाठी. मुलगा उतरला तेव्हा डेक झाडलेला होता. फरशीवर पाणी मारलं होतं. खुर्च्या मांडल्या होत्या आणि पहिली रांग रिकामी होती. अण्णा जिन्यापाशी उभे होते, तिन्ही मजल्यांवरचे लोक खाली होते. रुमालाच्या खुर्चीला एक रुमाल बांधलेला होता. तो कोणाचा होता, हे मी नंतर विचारलं. तीन जणांनी तो आपला असल्याचं सांगितलं.

मुलगा नातेवाइकांकडे वळला. "थोडा वेळ इथं ठेवू," तो म्हणाला.

थोडा वेळ म्हणजे दुपारपर्यंत. नगरसेवकही आले. रिकाम्या रांगेसमोर ते क्षणभर थांबले आणि दुसऱ्या रांगेत जाऊन बसले.

मयत गावी न्यायला गाडीत ठेवली आणि लोक निघू लागले तेव्हा मेहताजी पूर्वी पडदा बांधला होता त्या ओळीच्या टोकाशी, एका खांबाला लागून, उभे राहिले. त्यांच्या हातात कारखान्यातला लाल सुताचा कोन होता. ते त्यातून सूत ओढत होते, तोडत होते आणि प्रत्येकाच्या हातावर ठेवत होते. गावाकडच्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "ह्याचं काय करायचं?"

"घर में जाने से पहले गिरा देना, बाबा।"

"कशाला?"

"मालूम नहीं," मेहताजी म्हणाले. "सेठ देते थे।"

कोणी तो मनगटाला बांधला, कोणी खिशात टाकला. अण्णांच्या चुलत्यांनी घेतला नाही, पण मेहताजींना अडवलंही नाही. मुलाची पाळी आली तेव्हा त्याने हात पुढे केला. धागा घेऊन तो काकींचं सामान आणायला जिन्याच्या पहिल्या पायरीशी गेला आणि तिथं थांबला.

"मेहताजी, आमी कुठं टाकायचा? घर म्हंजे इथून चालू की वरून?"

मेहताजींनी डेककडे पाहिलं, मग जिन्याकडे. आम्हा बाकीच्यांनाही तेच अडलं होतं. मीही त्याच इमारतीत राहत होतो. त्या दिवशी जिन्याच्या पहिल्या पायरीपासून पहिल्या मजल्याच्या दारांपर्यंत निरनिराळ्या पायऱ्यांवर लाल धागे पडलेले होते. ज्याला जिथं घर सुरू झालं असं वाटलं, तिथं त्याने टाकला होता. मुलाने कुठे टाकला, ते मी पाहिलं नाही.

काही वर्षांनी मला कामासाठी चार-पाच महिने सिंगापुरात राहायला मिळालं. सवयीने मी घरमालकांच्या गोष्टी तपासल्या. इमारतींखालची मोकळी जागा खरी निघाली. लाल धागा खरा निघाला. चिनी मयतीत तो देतात. पहिली रांगही खरी निघाली, पण ती वर्षातून एका महिन्यात, मृतांसाठी गाण्या-नाटकांचे खेळ लावतात तेव्हाच रिकामी असते. पूजेला नाही, लग्नाला तर नाहीच. मधे पडदा लावून एका बाजूला लग्न आणि दुसऱ्या बाजूला मयत, हे कोणी पाहिलेलं नव्हतं. तिथं जागेसाठी कार्यालयाची परवानगी लागते आणि एका वेळी ती एकालाच मिळते, असं मला सांगण्यात आलं. रुमालाबद्दल विचारलं तर लोक हसले. ते जेवणाच्या टेबलावर कागदी रुमालांची पुडी ठेवून जागा धरतात. म्हणजे घरमालक ज्याला 'तिथं' म्हणत, ते त्या नावाच्या शहरात जसंच्या तसं नव्हतं. मला ते आणखी कुठे शोधावं, हे कळलं नाही.

परतल्यावर एकदा भिवंडीत जाणं झालं. मेहताजींच्या धाकट्या मुलीच्या निकाहाचं आमंत्रण होतं. शटरच्या पट्ट्या खांबांवर तशाच होत्या, गंजलेल्या. शटर लागलेलं नव्हतं. माझ्या मनात विचारायच्या गोष्टी बऱ्याच होत्या. मी उशिरा पोहोचलो होतो, मागे जागा नव्हती, आणि एवढ्या वर्षांत सवय मोडली होती. मी समोरच्या रिकाम्या खुर्चीवर बसलो.

खांबाजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीवरून घरमालकांचा मुलगा उठला आणि माझ्याकडे आला. तो आता बापासारखाच जाड झाला होता.

"पेपरवाले, उठा. मागे उभे ऱ्हावा."

मी उठलो. "अजून ठेवता ही रांग? कोणासाठी?"

"मना काय माहीत?" तो म्हणाला. "इथं असंच करतात."